पोस्टात टाकल्याचा दाखला

पत्र पाठवले असे सांगणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली आणि पत्र आलेच नाही असे सांगणारीही पाहिली. पहिल्यांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. दुसऱ्यांवर मुळीच ठेवत नाही. पत्र लिहिणे, पत्र टाकणे, पत्र पोचणे आणि पत्र वाचले जाणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा पुरावा निराळा लागतो. हे मला कोणा वकिलाने शिकवले नाही. माझ्या विधवा बहिणीच्या एका भातखाचराने शिकवले.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीची ती वर्षे. मी शहापुरास मामलेदार कचेरीच्या आवाराबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. धाकट्या बहिणीचे सासर मुरबाड तालुक्यात, धसईच्याही पलीकडे डोंगराच्या अंगाला. तिचा नवरा एका पावसाळ्यात तापाने गेला. मूलबाळ नव्हते, म्हणून मी तिला माझ्याकडे आणली. सासरी राहिली ती म्हातारी सासू, धाकटा दीर आणि त्याची बायको. बहीण त्या घरात सून म्हणून गेली तेव्हा हा दीर अंगणात नागडा खेळत होता. तिने कालवलेली पेज पिऊन तो मोठा झाला.

नवऱ्याच्या वाटणीचे म्हणून तिच्याकडे एकच खाचर होते, गावच्या विहिरीखालचे. विहिरीचा पाझर त्यात उतरत असल्याने भात निघाल्यावरही ओल टिके आणि त्या ओलीवर वाल चांगला येई. त्या खाचराच्या बळावर ती केव्हाही सासरी परत जाऊ शकत होती. खाचर असेल तर ती त्या घरची सून. नसेल तर कायमची माझ्या घरची पाहुणी. माझ्या घरी तिला कोणी उणे बोलत नव्हते. पण भाकरी थापायला बसण्यापूर्वी ती माझ्या बायकोच्या तोंडाकडे पाहून परवानगी घेई, आणि ते पाहिले की माझा दिवस बिघडे.

त्या वर्षी माघात बातमी आली की दीर ते खाचर शेजाऱ्याला देऊन बदल्यात त्याचे वरकस घेणार आहे. वरकस म्हणजे डोंगर-उताराची, नाचणी-वरीची जमीन. ती दिराच्या स्वतःच्या जमिनीला लागून होती. त्या गावात असले अदलाबदलीचे व्यवहार होळीच्या माळावर पंचांसमोर पक्के होत. ज्याची हरकत असेल त्याने होळीपर्यंत यावे किंवा कळवावे. गप्प राहील त्याची संमती धरली जाई. रिवाज वाईट नव्हता. पण गप्प राहणे आणि गप्प केले जाणे यांतला फरक त्यात धरलेला नव्हता.

मी ताबडतोब दिराला कार्ड लिहिले. रजिस्टर का केले नाही, असे पुढे अनेकांनी मला विचारले, म्हणून सांगतो. त्या बाजूची माणसे रजिस्टर पाकीट घेत नसत. पाकीट घ्यायचे तर पोचपावतीवर अंगठा उमटवावा लागे आणि अंगठा दिला की जमीन गेली असा त्यांचा पक्का समज होता. तो समज अगदीच निराधार होता असेही मी म्हणणार नाही. पाकीट परत आले असते आणि दीर म्हणाला असता, पत्र कसले? म्हणून साधे कार्ड टाकले, पण पोस्टात टाकल्याचा दाखला घेऊन. दाखल्यावर पत्ता लिहून पोस्टमास्तरांपुढे धरला. ते म्हणाले, "अहो, कार्डाला दाखला? इतका अविश्वास?"

"अविश्वास नाही, पुरावा," मी म्हणालो.

त्यांनी हसत गोल शिक्का मारला. ते हसणे मी मनात नोंदवून ठेवले.

होळी झाली. धुळवडीनंतर मुरबाडकडून आलेल्या एका गाडीवानाने सांगितले की खाचर गेले. पंचांनी विचारले, कोणाची हरकत नव्हती, नारळ फुटला. बहीण अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "दादा, तू लिवलं होतंस ना?"

मला त्या प्रश्नाचा संताप आला. मी दाखला आणून तिच्या हातात ठेवला. तिला वाचता येत नव्हते. तिने शिक्क्यावरून बोट फिरवले, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"ह्यात ते कार्ड कुठंय?" तिने विचारले.

मी पोस्टाच्या वरिष्ठांना सविस्तर अर्ज लिहिला. उत्तर आले की साध्या पत्रांची नोंद ठेवली जात नाही. नोंद नसते म्हणजे गहाळ करणाऱ्याला मोकळे रान. पोस्टमास्तर का हसले? टपाल वाहणारा माणूस त्या शेजाऱ्याचा नातलग तर नाही? वाटेत कार्ड कोणी वाचले? कार्ड ही उघडी वस्तू. ज्याच्या हाती पडेल त्याला ती सगळे सांगते. मी एकेकाचे नाव मनात मांडले आणि कोणालाच वगळले नाही.

चैत्रात बहिणीला घेऊन बैलगाडीने निघालो. सापगावच्या पुढे नदी गुडघाभरही नव्हती. मुरबाडला मुक्काम करून, धसई मागे टाकून दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना गावात पोचलो. बहिणीला पाहून पाणवठ्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. एकीने हंडा तसाच सोडला आणि ती घराकडे वळली. एक म्हातारी मात्र पुढे आली आणि बहिणीचा दंड चिमटीत धरून पाहू लागली, बाजारात वांगे दाबून पाहावे तसा.

"बरी हायेस ना गो?" तिने विचारले.

"बरी हाय की. मला काय झालंय?"

म्हातारी वळली. बहीण मला हळूच म्हणाली, "दादा, सगळी माझ्या पायांकडं का बघतात?"

मी म्हणालो, "तोंडाकडे पाहायची लाज वाटते म्हणून." त्या वेळी माझा तसाच समज झाला होता.

सासूने आम्हांला ओटीवरसुद्धा बोलावले नाही. अंगणातच तांब्या दिला आणि बहिणीच्या घशाकडे टक लावून उभी राहिली. घोट खाली उतरला तेव्हा म्हातारीने सुस्कारा टाकला. हेही मला विपरीत वाटले. पाण्यात काही घातले आहे की काय, अशी शंका येऊन मी माझे पाणी प्यायलो नाही.

दीर गोठ्यातून आला आणि मी चमकलो. या माणसाची मिशी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. लग्नात घोड्याला लोकांनी पाहिले नसेल, पण मिशी सर्वांनी पाहिली होती. आता तिच्या जागी काळे खुंट उगवले होते.

"माझे कार्ड आले होते," मी म्हणालो.

"कसलं कार्ड? तुमचा कागुद आमाला आलाच नाय, पावनं."

"मिशी कुठे गेली?"

"उकाडा किती हाय बघताव ना."

"मिशीमुळे उकडते?"

"मला उकडतं," तो म्हणाला आणि खाली पाहू लागला.

पंच परवा बसतील असे ठरले. मधला दिवस धसईच्या बाजाराचा होता. तिथल्या एका किराणा दुकानात टपालवाला आसपासच्या पाड्यांची पत्रे ठेवून जाई आणि बाजाराला येणारी माणसे ती घेऊन जात. दुकानदाराची चौकशी करावी म्हणून मी गेलो. गल्ल्याच्या वर वाशाला एक जाड तार लोंबत होती. तिचे टोक आकड्यासारखे वळवलेले होते आणि त्यात सगळी कार्डे, मासळी ओवावी तशी, कोपऱ्यातून ओवून ठेवलेली होती.

"माझे शहापूरचे कार्ड कोणी नेले?" मी विचारले.

"कोन कवा काय नेतो, मी काय ध्यानात ठिवतो? बाजारात शंभर मानसं येतात."

"लक्षात ठेवत नाही की सांगायचे नाही?"

"तुमी पोलिसातले काय?" त्याने विचारले आणि गुळाच्या ढेपेवरच्या माश्या वारू लागला.

इतक्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आली. "माझ्या लेकाचा काय कागुद हाय काय रे?" तिचा मुलगा मुंबईस गिरणीत होता, हे पाटी उतरवण्यापूर्वीच तिने सर्वांना सांगितले. दुकानदाराने तारेवरची कार्डे चाळली, एक पकडले आणि हिसका मारून ओढले. टर्रकन कोपरा फाटून तारेतच राहिला.

बाई दोन पावले मागे सरली. "अगो बाय! कोपरा फाडलास? मेल्या, माझ्या लेकाला मारलास काय?"

"काय नाय गो मावशे. तारेनं फाटला. घे, वाच."

"मला वाचता आलं असतं तर तुझ्या तोंडाला कशाला लागली असती? तूच वाच. आन् तुझ्या पोराच्या गळ्याची आन घेऊन वाच."

त्याने वाचले. सर्व खुशाल होते. मुलगा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येणार होता.

"पुन्ना वाच," ती म्हणाली. त्याने पुन्हा वाचले, तेव्हा कुठे तिने कार्डाला हात लावला.

मी तिथेच तांदळाच्या पोत्यावर बसलो. आपल्याकडे मरणाची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात, हे वाचकांना ठाऊक आहे. तसले कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचे नाही. बाहेरच वाचायचे, तिथेच फाडायचे आणि सगळ्यांनी स्नान करायचे. आणि ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तिथे ते वाचायचीही गरज पडत नाही. फाटलेला कोपराच सगळे सांगतो. मिशी, पायांकडे रोखलेल्या नजरा, घशाखाली उतरणाऱ्या पाण्यावरची ती देखरेख, सगळे एका ओळीत येऊन उभे राहिले. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. गाव माझ्या बहिणीचे पाय सुलटे आहेत ना, हे तपासत होते.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. मी बहिणीलाही काही सांगितले नाही. तिच्या तोंडावर ते उमटले असते आणि दीर सावध झाला असता.

पंच देवळाच्या पारावर बसले. बायका एका बाजूला, बहीण त्यांच्यात पण थोडी सुटी. मी दाखला पुढे ठेवला. पंचांतल्या म्होरक्याने तो डोळ्यांशी नेला.

"शिक्का शापूरचा. तिथून निघालं इतकंच ह्यो कागुद बोलतो. हितं पोचलं असं नाय बोलत."

"मान्य," मी म्हणालो. "मला यांना थोडे विचारायचे आहे." आणि दिराकडे वळलो. "होळीच्या आधी तुमच्या घरी कोण वारले?"

"कोन नाय." पंचांपैकी दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"मग घरच्या बायका भरदुपारी ओढ्यावर डोक्यावरून न्हायला कशाला गेल्या होत्या?"

हे मी पाहिले नव्हते. कोणी सांगितलेही नव्हते. पण साक्षीदाराला प्रश्न असा विचारावा की उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असे त्याला वाटावे. दिराने बायकोकडे पाहिले. बायकोने पदर तोंडाला लावला.

"आणि त्याच दिवशी न्हाव्याला का बोलावलेत? उकाडा काय एकाच दिवशी आला?"

मागे कोणी तरी फिस्सकन हसले. सासू एकदम उभी राहिली.

"सांग ना रे! जित्या मानसाचं सुतक किती दिस पोटात ठिवशील?"

मग त्याने सांगितले. बाजारातून तो स्वतःच कार्ड घेऊन आला होता. कोपरा गेलेला, पत्र शहापूरचे. "शापुराला आमचं दुसरं हाय कोन? वैनीच." कार्ड वाचायला कोणापाशी नेलेच नाही, ओढ्यावर फाडले आणि पाण्यात सोडले. आता तिच्यामागे क्रियाकर्म करणारा पुरुष आपणच, असे म्हणून मिशी उतरवली. दहाव्याला शहापुरास जायचे ठरले. पंचांनाही त्याने त्याच दिवशी सांगून टाकले की वैनी गेली, आता हरकत घेणारे कोणी उरले नाही. तिसऱ्या दिवशी शेणवे गावचा एक माणूस बैल दाखवायला आला. त्याला हे सांगितले तर तो म्हणाला, तुमची वैनी? मी येताना शापूरच्या बाजारात बोललो की तिच्याशी, सुकट घेत होती.

"तेव्हा होळी झाली होती?" मी विचारले.

"दुसऱ्या दिशी व्हती."

"मग पंचांना जाऊन सांगितले का नाही?"

"काय सांगू? वैनी जित्ती झाली म्हनून सांगू? गाव हसला असता. लाज वाटली, पावनं."

"खाचर द्यायची नाही वाटली."

तेवढ्यात बहीण बायकांतून उठली. मी तिला खुणेने बसायला सांगितले. ती बसली नाही.

"भावजी, खरंच रडलाव?"

त्याच्याऐवजी सासूच बोलली. "रडला गो. पेजंला तोंड लावलं नाय त्यानं."

"बरं," बहीण म्हणाली. "मी जित्ती हाय कळल्यावर मग जेवलाव ना? तवा ताटावर बसून माझं खाचर आठवलं नाय?"

दिराने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मी तयार करून आणलेले पुढचे प्रश्न मला गिळावे लागले.

म्होरक्या मात्र कसलेला होता. "कार्ड आलं, कबूल," तो म्हणाला. "पन हरकत आली काय? ती कोनी वाचलीच नाय. नुस्ता कोपरा आला." मुद्दा बिनतोड नव्हता, पण चांगला होता. कचेरीत इतका चांगला मुद्दा काढणारे मी फार थोडे पाहिले.

मी म्हणालो, "हातात पडले की पोचले. वाचून घेणे हे घेणाऱ्याचे काम. बरे, ते घडले नाही, त्यालाही रिवाजाचे कारण होते, सोडून देऊ. पण बाई जिवंत आहे हे कळले, त्याच क्षणी त्या कार्डात मरणाची बातमी नव्हती हेही कळले. मग त्यात काय होते, हे विचारायला माणूस का धाडला नाही? शहापूर काय विलायतेत आहे?"

पंच आपसांत बराच वेळ बोलले. अदलाबदल मोडली. शेजारी चिडला, कारण त्याने खाचरात पेरणीआधी भाजायचा राब, म्हणजे पाला आणि शेण, आधीच पसरून ठेवला होता. तो राब बहिणीने वापरावा आणि त्याला तितकाच पाला तिच्या बांधावरून तोडू द्यावा, असे ठरले. त्याला तेही पटले नाही, पण तो गप्प राहिला. आणि त्या गावात गप्प राहणे म्हणजे संमती.

बहीण तिथेच राहिली. घरात घेण्यापूर्वी सासूने तिला त्याच ओढ्यावर नेऊन न्हाऊ घातले आणि भाकरीचा तुकडा तीनदा ओवाळून लांब फेकला. परतीच्या गाडीत मी एकटाच होतो. सुतक खोटे होते असे मी म्हणत नाही; तो रडला असेलही. परंतु एखाद्याला मेलेला समजून रडणे आणि तो जिवंत आहे हे लपवणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली होती. बहिणीने त्याला माफ केले. मी केले नाही, आजतागायत केलेले नाही.

आषाढात लावणीच्या दिवसांत मी तिला भेटायला गेलो. ती विहिरीखालच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहून आवणाच्या, म्हणजे भातरोपांच्या, मुठी लावत होती. दीर बांधावर येऊन माझ्याजवळ बसला. मिशी परत आली होती.

"पावनं, एक विचारू? त्या कार्डात लिवलं व्हतं काय?"

तोवर त्याला ते कोणी सांगितलेच नव्हते. मला कार्ड तोंडपाठ होते. मी म्हणून दाखवले: "साष्टांग नमस्कार विनंती विशेष. विहिरीखालील खाचर हे माझ्या भगिनीच्या कैलासवासी पतीच्या वाटणीचे असून सदर खाचराची अदलाबदल करण्यास तिची हरकत आहे. ती होळीच्या दिवशी पंचांस कळवावी. न कळवल्यास होणाऱ्या परिणामांची सर्व जबाबदारी आपणांवर राहील. कळावे."

तो लक्षपूर्वक ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "एवढंच? मग कार्ड कशाला टाकलाव? चालत आला असताव आन् तोंडानं बोलला असताव, तर मी ऐकलं असतं."

"आणि नंतर, ऐकलेच नाही असे म्हणाला असता तर?"

त्याने मिशीवर हात फिरवला. चिखलात वाकलेल्या वैनीकडे पाहत राहिला.

"म्हनलो बी असतो," तो म्हणाला.

एवढा स्वच्छ कबुलीजबाब मला पुढे कोणत्याही कचेरीत ऐकायला मिळाला नाही. पण तो त्याने दिला याचा पुरावा माझ्याजवळ नाही. ऐकायला जवळपास फक्त बहीण होती, आणि तिने आवणाची पुढची मूठ सोडवायला घेतली होती.